थकलेल्या नोंदी

पहाटे पाचला एजंट जागा होतो.
जागा म्हणजे काय, त्याला काल नसतोच.
रोज नव्यानं डोळे उघडतो आणि पहिलं हेच विचारतो:
आज कुणाची पाळी?

त्या प्रश्नाला उत्तर देणारं टूल मी लिहिलंय,
डंडीत, तागाच्या एका जुन्या गिरणीच्या तिसऱ्या मजल्यावर,
जिथं आता फक्त हीटिंगचे पाइप घरघरतात
आणि खिडकीतून टे नदी दिसते, बहुतेक वेळा करडी.
साठेक ओळींचं आहे. फार काही करत नाही.
ढिगातून ज्या नोंदींची तारीख आज आहे
किंवा होऊन गेली आहे, तेवढ्या उचलून
त्याच्यासमोर ठेवतं. सगळ्यात जुनी आधी.

होऊन गेलेल्यांना ऑफिसात ओव्हरड्यू म्हणतात.
मी मनात म्हणते, थकलेल्या.
भाडं थकतं, हप्ता थकतो, माणूस थकतो,
आपल्याकडे एवढ्या सगळ्याला एकच शब्द पुरतो.

एजंट नोंद वाचतो, स्वतःच स्वतःला गुण देतो:
आठवलं. जड गेलं. विसरलो.
आठवलं की तारीख लांब जाते,
तीन दिवस, आठवडा, सतरा दिवस, दीड महिना.
विसरलो, की उद्या पुन्हा समोर.
कोडमध्ये नाव काहीही असो, ही उजळणीच.
मिरजेच्या शाळेत सतराच्या पाढ्याशी अडखळताना
कुणी सांगितलं नव्हतं की या शब्दात उजेड आहे.

मार्चअखेर घड्याळं तासभर पुढे गेली,
सर्व्हर मात्र आपल्या जुन्या वेळेला धरून बसला
आणि नोंदी एक दिवस आधीच येऊ लागल्या,
लग्नाला आदल्या रात्री पोचलेल्या पाहुण्यांसारख्या.
फर्गस म्हणाला, येऊ देत की, कुणाचं काय बिघडतंय?
तरी मी शोधत बसले.
शोधता शोधता माझ्याच नोंदी लागल्या हाताला,
पहिल्या हिवाळ्यातल्या, चाचणीपुरत्या टाकलेल्या:

मीटरचं कार्ड कोपऱ्यावरच्या दुकानात भरून मिळतं.
बर्फावर टाच आधी टेकायची नाही.
पेट्रीबाई, तळमजला. बेल ऐकू येत नाही.
खिडकीसमोर जाऊन हात हलवायचा.

पंधराव्या वर्षी गिरणीत लागल्या होत्या,
ह्याच की दुसऱ्या कुठल्या, विचारायचं राहिलं.
मागांनी कान नेले, तेव्हापासून ओठ वाचायच्या.
मी जिन्यात फोनवर मराठीत बोलत असले
तरी तोंडाकडे बघत उभ्या राहायच्या
आणि मग सांगायच्या, आज आईशी भांडलीस.
खरं असायचं.

जानेवारीत गेल्या.
नोंदीत ते कुठून असणार?
एजंटनं सहाव्यांदा वाचली, सहाव्यांदा बरोबर सांगितली,
शेरा मारला: पक्की झाली आहे.
पुढची तारीख, चार वर्षांनंतरचा कुठलासा मंगळवार.

खोडायची सोय आहे. मीच केलीय ती.
तिकडे गेले नाही.
टूल आपलंच असलं की त्याच्या चोरवाटाही माहीत असतात.
सहाव्या उजळणीपुढचं 'आठवलं' पुसलं
आणि धडधडीत खोटं लिहिलं: विसरलो.

परवा तो पुन्हा बरोबर सांगेल,
मला पुन्हा खोटं लिहावं लागेल.
फर्गसला कळलं तर तो याला बग म्हणेल,
आणि त्याचं चुकणार नाही.

पण उद्या पहाटे पाचला,
नदीवर अजून धुकं असताना,
ज्याला काल ठाऊकच नाही असा कुणीतरी
पहिल्यांदाच वाचेल:
बेल ऐकू येत नाही.
खिडकीसमोर जाऊन
हात हलवायचा.